गालाच्या आतले ठिपके

टेंभुर्णीत कुणाचं पोट दुखायला लागलं की आधी द्वारकाबाईचं घर आणि मग दवाखाना. दवाखाना काही कोसावर नव्हता. पण डॉक्टर हातावर गोळी ठेवायचा आणि ही बाई पोटावर हात ठेवायची, आणि दुखणाऱ्या माणसाला गोळीआधी हात लागतो, हे कुणी नाकारू नये. द्वारकाबाई बेंबी बसवायची. वजन उचलताना, उपाशीपोटी पाणी शेंदताना बेंबी जागची सरकते आणि मग पोट दुखतं, अशी आपल्याकडची समजूत. त्यात खरं किती, खोटं किती ते शिकलेल्यांनी ठरवावं. गावाला गुण येत होता, म्हणून गाव येत होतं.

सकाळी अनशापोटी यायचं, ओसरीत सतरंजीवर उताणं निजायचं. द्वारकाबाई बेंबीत अंगठा रोवून ठोका कुठं लागतो ते बघायची, करडीचं तेल लावून कुशीपासून आत आत चोळत आणायची, आणि शेवटी बेंबीवर कणकेचा दिवा पेटवून वर तांब्या पालथा घालायची. दिवा विझला की तांब्या पोटाला घट्ट धरायचा. याच्या बदल्यात ती सुपारीचं खांडसुद्धा घ्यायची नाही, घेतलं तर हाताचा गुण जातो असं तिच्या सासूनं सांगितलं होतं. तोंडानं मात्र फटकळ. पोट दुसऱ्याचं असलं तरी खाणं तुझं तूच खाल्लंस ना, असं भल्याभल्यांना सुनवायची. लोक हसून ऐकून घ्यायचे, कारण तासाभरानं दुखणं गेलेलं असायचं.

आता बघा, जगाची पोटं हिच्या हातानं बसत होती आणि हिच्या स्वतःच्या घरातलं पोटाचं दुखणं काही केल्या जात नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातली गत.

तिचा नवरा रखमाजी. बारा एकर कपाशीचा धनी, शांत माणूस. त्याच्या दोन्ही ओठांवर काळसर ठिपके होते, नुकतीच जांभळं खाऊन उठल्यागत. त्याच्या बापाला होते, आजालाही होते म्हणायचे. गावात त्यांच्या घराला नावच पडलं होतं, जांभळे. घरात मूल चालायला लागलं की म्हाताऱ्या त्याचे ओठ बघायच्या आणि ठिपके दिसले की म्हणायच्या, हे आपलं, बिलकुल शंका न्हाई. वंशाची खूण म्हणून त्याचं कौतुकच होतं. त्या ठिपक्यांचा आणि पोटाचा काही संबंध असेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

रखमाजीला महिन्या-दोन महिन्यांनी पोटात गोळा यायचा. जेवण झालं की घडीभरात माणूस दुहेरी व्हायचा, घामानं निथळायचा. द्वारकाबाई त्याला निजवून चोळायची. तिच्या बोटांना बेंबीच्या डाव्या अंगाला एक लांबट, कणखर गोळा लागायचा. ती चोळत राहायची आणि कधीतरी तो गोळा बोटाखालून सुळकन सरकून नाहीसा व्हायचा. रखमाजी उठून पाणी मागायचा. बाईला वाटायचं, आपण बसवलं. असं वाटण्यात तिची चूक ती काय? दहा वेळा बसलं होतं. अकराव्या वेळी बसलं नाही. जालना जिल्हा होऊन वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. दोन दिवस ती चोळत होती, तिसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या हाताखालीच गेला. दवाखान्यात नेऊ म्हणणारे होते, पण ज्या घरी गाव येतं त्या घरानं कुठं जायचं, असं तिला वाटलं होतं.

मागं दोन लेकरं राहिली. मच्छिंद्र बारा वर्षांचा, नंदा आठ वर्षांची. दोघांच्याही ओठांवर ठिपके.

पोराच्या ओठाला कोण बघतं? पण पोरीचं लग्न करायचं होतं. बाप नाही, त्यात ओठ असे. द्वारकाबाईनं मनावर घेतलं आणि रोज सकाळी नंदाला पुढ्यात बसवून लिंबाची फोड आणि साय तिच्या ओठांना घासायला सुरुवात केली. पोर आग आग म्हणून ओरडायची, ही तिला दोन गुडघ्यांत धरून घासायची. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. आणि खरंच, नंदा पंधरा-सोळाची झाली तशी ठिपके फिके पडत गेले आणि पुढं दिसेनासे झाले. द्वारकाबाईला आपल्या हातगुणाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

त्र्याण्णव साली नंदाची सोयरीक जाफराबादच्या सर्जेरावांच्या घरी ठरली. घर खातंपितं, मुलगा बद्रीनाथ शेती बघून घरची जीप जाफराबाद-जालना चालवायचा. सासू सगुणाबाई तोंडावर बोलणारी, पण मनात काही न ठेवणारी. सुपारी फुटली, वैशाखातली तारीख निघाली. आणि लग्नाला वीस दिवस राहिले असताना मच्छिंद्राच्या पोटात गोळा आला.

त्याला आधीही यायचा, आणि आईच्या हातानं जायचा. या खेपेला द्वारकाबाईनं चोळायला हात लावला आणि तिच्या बोटांनी ओळखलं. तोच गोळा, आणि सरकेना. बाप ज्या सतरंजीवर गेला त्याच सतरंजीवर लेक पडला होता. मग मात्र ती उठली आणि निरोप धाडला. नव्या सोयऱ्यांची जीप तासाभरात दारात उभी. स्वतः सर्जेराव सोबत बसले. जालन्यात मस्तगडाजवळ अमरचंद डॉक्टरांचा दवाखाना होता, त्यांनी पोट चाचपलं आणि जल्दी आत घ्या म्हणाले. रक्त कमी पडलं तर सर्जेरावांनी बाही वर केली. सोयरीक होऊन महिना नव्हता झाला, आणि माणूस रक्त देत होता. हे द्वारकाबाई कधी विसरली नाही, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीची गोम तिथंच आहे.

दोन-अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले. शर्टाची बाही दुमडावी तसं आतडं आतड्यात शिरलं होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. हातभर आतडं काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. आणि हे कशानं झालं तेही त्यांनी ताटलीत आणून दाखवलं. लिंबाएवढा मांसाचा कोंब होता, त्याला देठ. कांद्याला फुटतो तसा हा लहान आतड्याला फुटतो, म्हणाले, आणि आतड्याला आपल्यासोबत ओढत नेतो. असे आणखी असतील. आज ते साधे आहेत, पण वर्षानुवर्षं राहिले तर त्यातला एखादा बिघडतो आणि त्याचा कॅन्सर होतो. बिघडायच्या आधी दुर्बिणीनं काढून टाकायचे, दर दोन वर्षांनी, जन्मभर. आणि त्याचं पोट पुन्हा कुणी चोळायचं नाही.

मग त्यांनी मच्छिंद्राच्या ओठांचं विचारलं. हे ठिपके आणि आतले कोंब एकाच मुळाचे, असं म्हणाले. बापाला होते का? होते. बाप कशानं गेला? द्वारकाबाईनं सांगितलं. इतकी वर्षं तिनं जो गोळा बसवला म्हणून मानलं होतं, तो तिच्या हातानं बसत नव्हता. तो आपला आपण सुटत होता.

"घरात आणखी कुणाच्या ओठांवर असे ठिपके आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

शेजारी सर्जेराव उभे होते. कोपराच्या खळीत कापूस दाबून धरलेला, तोंड उतरलेलं. द्वारकाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. वीस दिवसांवर लग्न. तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते सांगायला नको, लेकीची माय आहे त्या प्रत्येकीला ते कळेल.

"न्हाई," ती म्हणाली. "लेक माझ्यावर गेली."

सर्जेरावांनी मान हलवली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. झालं, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं मनाला सांगितलं. आणि खोटं तरी काय होतं त्यात? ओठ साफ होते. तिनं स्वतःच्या हातानं साफ केले होते.

वैशाखात लग्न झालं. नंदा जाफराबादला नांदायला गेली आणि द्वारकाबाईनं बेंबी बसवायचं काम सोडलं. लोक आले, हातापाया पडले, रुसले. हिनं त्यांना मोठ्या दवाखान्यात जा म्हणून बजावलं, आणि नाही ऐकलं तर शिव्या घातल्या. गावाला वाटलं, लेकाच्या आजारानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

पुढच्या साली मच्छिंद्राला औरंगाबादला नेलं. तिथले दुर्बिणीचे डॉक्टर आधी चुन्यासारखं पांढरं औषध पाजून फोटो काढायचे, मग घशातून लांबच लांब नळी उतरवायची. जठराच्या पुढं लहान आतड्यात शिरलं की कोंब दिसायचे. देठाला तारेचा फास घालायचा, आवळायचा, वीज सोडायची, की कोंब गळून पडला. पहिल्या खेपेला चार निघाले. मच्छिंद्राचा घसा दोन दिवस दुखला, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी तो कपाशीत औत हाकत होता. जो कोंब बापाला घेऊन गेला तो असा, चहा थंड व्हावा एवढ्या वेळात निघतो हे बघून द्वारकाबाई बाहेरच्या बाकावर बसून रडली. आनंदानं रडली, असं लोकांना वाटलं.

त्याच खेपेला आणखी एक झालं. डॉक्टर दोन शिकाऊ पोरांना मच्छिंद्राचा गाल आतून दाखवत होते. ओठांवरचे ठिपके कुणाकुणाचे वयानुसार फिके पडतात, जातातसुद्धा, असं ते सांगत होते. गालाच्या आतले मात्र जात नाहीत. तेव्हा बघायचं ते तिथं बघायचं. द्वारकाबाई दारात उभी होती. वाक्य मराठीत होतं, तिला समजलं.

घरी येताना गाडीत मच्छिंद्रानं विचारलं होतं, माय, नंदीच्या पण ओठाला होते ना? गेले ते, ती म्हणाली. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि पुन्हा त्यानं हा विषय काढला नाही. गप्प बसायचं रक्तातच होतं म्हणा.

पंचमीला नंदा माहेरी आली. हातात हिरवा चुडा, अंगावर तेज, सासूचं कौतुक सांगून थकत नव्हती. द्वारकाबाईनं तिला अंगणात उन्हात बसवलं, दाढ दुखते म्हणालीस ना, बघू, म्हणून तोंड उघडायला लावलं. दाढ दुखते असं नंदा काही म्हणाली नव्हती. पण पोरीनं तोंड उघडलं. द्वारकाबाईनं बोटानं गाल बाहेर ओढला. तीन ठिपके होते. दोन खसखशीएवढे, एक जरा मोठा.

"काय आहे गं माय?" नंदानं विचारलं.

"काय न्हाई. दाढ चांगली आहे."

त्या दिवसापासून द्वारकाबाईला माहीत होतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळे तिला म्हणणार होते की तुला काय माहीत.

सांगायचं नव्हतं असं नाही. दर खेपेला ठरवायची. दर दोन वर्षांनी औरंगाबादला बाकावर बसली की आत लेकाचे कोंब निघत असायचे आणि बाहेर हिच्या डोळ्यांपुढं लेकीचं पोट असायचं. आता गेलं की सांगते, असं म्हणत घरी यायची. तर नंदाला सातवा महिना. मग बाळंतपण, सोनू झाली. मग नणंदेचं लग्न निघालं, त्यात विघ्न नको. मग दुसरं लेकरू. एकदा मात्र पक्का निश्चय करून सकाळच्या गाडीनं जाफराबादला गेली. सगुणाबाईनं पुरणाचा घाट घातला, पाटावर बसवून आग्रह करकरून वाढलं आणि म्हणाली, इहीणबाई, लेक दिली ती सोन्यासारखी दिली, तुम्ही आमच्यापासून काही राखलं न्हाई. द्वारकाबाईनं हातातला घास ताटात ठेवला. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ते लग्नाआधीचं बोलणं झालं असतं. पाच वर्षांनी सांगायचं म्हणजे फसवणूक कबूल करायची. एका न्हाईचं वय वाढत जातं तसं त्याचं ओझं वाढतं. ती जेवून, दिलेलं लुगडं घेऊन परत आली.

सत्त्याण्णवच्या पुढं नंदाला दुखायला लागलं. सासरी अंगावर काढायची आणि माहेरी आली की ओसरीत निजून म्हणायची, माय, चोळ. सगळ्या गावाची पोटं सोडलेली बाई या एका पोटाला मात्र नाही म्हणू शकली नाही. डॉक्टरांनी चोळू नका सांगितलं होतं ते तिला पाठ होतं. तरी तेलाची वाटी घ्यायची. बोटांना गोळा लागायचा. तोच, डाव्या अंगाचा, लांबट. तेल कोमट असायचं आणि हिचे हात बर्फागत गार पडलेले असायचे. गोळा सुटला की नंदा हसून म्हणायची, तुझ्या हाताला लई गुण आहे गं माय. त्या शब्दाएवढी शिक्षा दुसरी नसेल. द्वारकाबाई सासरच्या दवाखान्यात दाखव म्हणायची, मोघम. नंदा दाखवायची, जंताची नाहीतर पित्ताची गोळी घेऊन यायची. मग माय आणखी बोलायची नाही.

दोन हजार तीनच्या दिवाळीला नंदा आली ती ओळखू येईना. गळ्याची हाडं वर आलेली, चेहरा पांढराफटक. चार पावलं चालली की बसायची. द्वारकाबाईनं पोटाला हात लावला. गोळा होता आणि तो सरकणारा नव्हता. आतल्या आत रुजलेला, खडबडीत. तिनं हात काढून घेतला, मच्छिंद्राला हाक मारली आणि आत्ताच्या आत्ता औरंगाबाद म्हणाली. बद्रीनाथ जीप घेऊन आला, सगुणाबाईही निघाली.

तिथं आता नवे, तरुण डॉक्टर होते. दुर्बीण घातली. जठरापासून वीतभर पुढं कोंब होता, आणि तो कोंब राहिलेला नव्हता. बिघडून, फुटून पसरला होता, यकृतापर्यंत गेला होता. आधी, तो सुपारीएवढा होता तेव्हा, दुर्बिणीतूनच निघाला असता, असं डॉक्टर सांगताना खाली बघत होते. त्यांनी मच्छिंद्राचे कागद बघितले, नंदाचा गाल आतून बघितला. ओठ साफ आहेत, म्हणाले, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नसणार. मग द्वारकाबाईला समोर बसवून फार मायेनं म्हणाले की बाई, तुमचा काही दोष नाही, घरच्या माणसाला हे कळणं शक्यच नव्हतं. सगुणाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तुम्हाला काय माहीत इहीणबाई, तुम्हाला काय माहीत, असं म्हणत राहिली. द्वारकाबाई दगडासारखी बसली होती. लोकांना वाटलं, धक्का बसलाय.

नंदाला टेंभुर्णीला आणलं, तिनंच मागितलं म्हणून. पाच आठवडे होती. सोनू आणि धाकटा शाळेला जाफराबादला असायचे, रविवारी बाप त्यांना घेऊन यायचा. औषधं होती तोवर ती शांत निजायची. एके दिवशी, ऊन ओसरीत चांगलं आत आलं होतं, तिनं आईला जवळ बोलावून पोटावर हात ठेवायला सांगितलं. चोळू नको, नुसता ठेव. द्वारकाबाईनं ठेवला.

"माय," नंदा म्हणाली, "मला माहीत होतं."

द्वारकाबाईला वाटलं, गुंगीत बोलून राह्यली.

"पंचमीला तू माझं तोंड बघितलं ना, त्याच दिवशी मी आरशात गाल उलटा करून बघितला. दादासारखेच होते. लई भ्याले. मंग म्हणलं, मायनं बघितलंय. मायला माहीत असून माय गप आहे, म्हंजे भ्यायचं काही कारण न्हाई."

एवढं बोलून तिला धाप लागली. द्वारकाबाईला वाटलं की आता ती रागावेल, दोष देईल, निदान रडेल तरी. नंदानं आईचा हात तसाच पोटावर दाबून धरला आणि डोळे मिटले. तिला राग आलाच नव्हता. तिनं फक्त सांगितलं होतं. द्वारकाबाईचं काळीज त्या दिवशी फाटलं ते कायमचं. तिसऱ्या दिवशी सकाळी नंदा गेली. तीस वर्षांची होती.

तेराव्याला जाफराबादला जेवणं उरकली, पाहुणे पांगले. आतल्या खोलीत सर्जेराव, सगुणाबाई, बद्रीनाथ एवढेच उरले. सगुणाबाई पुन्हा समजूत घालायला लागली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, डॉक्टर काय म्हणले ते ऐकलं ना. तेरा दिवस ही बाई हेच ऐकत होती, आणि आता तिला ते सोसेना.

"इहीणबाई, डॉक्टर म्हणले ते खोटं आहे," ती म्हणाली. "मला माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं."

मग तिनं काहीच राखलं नाही. लिंबाची फोड सांगितली, मस्तगडाच्या दवाखान्यातला प्रश्न सांगितला, पंचमीचं ऊन सांगितलं. पुरणपोळीच्या दिवशी कशाला आली होती तेही सांगितलं. तुम्ही सोयरीक मोडाल म्हणून बोलले नाही, आणि मग तुम्ही लेक माघारी धाडाल म्हणून बोलले नाही. सांगून झाल्यावर तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि वाट बघत बसली. तिला शिव्या हव्या होत्या. कुणी हात धरून बाहेर काढलं असतं तरी बरं वाटलं असतं. बद्रीनाथ उठून बाहेर गेला. सर्जेराव भिंतीकडं बघत राहिले.

सगुणाबाईनं उठून दार लोटून घेतलं. मग बोलली, आवाज न चढवता.

"सोयरीक मोडली असती आम्ही. खोटं कशाला बोलू, तवा कळलं असतं तर मोडलीच असती. पोरगी जित्ती राह्यली असती दुसरीकडं कुठं. पण लग्न झाल्यावर काहून न्हाई सांगितलं, बाई? मंग ती माझ्या घरातली झालती. मी नेलं असतं तिला, हाताला धरून."

द्वारकाबाईला जाताना कुणी वाटेला लावायला आलं नाही. ती संध्याकाळच्या गाडीनं एकटी परत आली.

मी नेलं असतं असं सगुणाबाई म्हणाली खरी, पण दुःखातलं माणूस बोलायचं म्हणून बोलतं, त्यातलं खरं किती, असं मनाला समजावता आलं असतं. असतंच की तसं. पाच मिनिटांचा मोठेपणा कुणालाही जमतो. द्वारकाबाईनं काही महिने त्याच आधारावर काढले. पण डॉक्टरांनी दोन्ही लेकरांची तोंडं बघितली होती. धाकटा साफ निघाला. सोनूच्या उजव्या गालात आतून दोन ठिपके सापडले.

तेव्हापासून सगुणाबाई सोनूला औरंगाबादला नेते. सत्तरीला आलेली बाई, गुडघे धरलेले, जीप वापरत नाही कारण जीपमध्ये पोरीला मळमळतं. एसटीनं जाते. भावकीत कुणी म्हणालं, पोरीच्या जातीचं एवढं उघड कशाला करायचं, उद्या लग्न आहे. त्याला तिनं भर ओट्यावर उत्तर दिलं की हिची आतडी कळल्यावर ज्याला ही सून नको असेल त्यानं दुसरं दार धरावं. मागच्या खेपेला सोनूचे दोन कोंब निघाले. दोन्ही साधे होते.

गाडी टेंभुर्णीवरून जाते. मच्छिंद्राकडून दिवस कळतो, आणि त्या दिवशी द्वारकाबाई स्टँडवर भाकरीचा डबा घेऊन उभी असते. सगुणाबाई खिडकीतून डबा घेते, ठीक आहे ना, विचारते. सोबत चला असं ती कधी म्हणत नाही आणि येते असं ही कधी म्हणत नाही. आतल्या सीटवर सोनू बसलेली असते, तिचा हात आजीच्या मुठीत असतो. द्वारकाबाई तो हात बघते, गाडी वळेपर्यंत बघते, आणि घरी जाते.